विश्लेषण : टाकीतले लहान मासे रात्रीत गायब का होतात? मोठा कॅटफिश घरी पाळणे इतके अवघड का?

सकाळी टाकीचा दिवा लावला, की दहापैकी सहाच निऑन टेट्रा दिसतात. टाकीवर झाकण असते, तळाशी मेलेला मासा नसतो, फिल्टरमध्येही काही अडकलेले नसते. दोन दिवसांनी चारच उरतात. घरातले आधी मांजरावर संशय घेतात, मग पाण्यावर. खरा कारणीभूत मात्र दिवसभर लाकडाच्या तुकड्यामागे निपचित पडून असतो. महिन्यापूर्वी बोटाएवढा असताना ‘शांत मासा आहे, कोणासोबतही ठेवा’ असे सांगून दिलेला तो कॅटफिश. निशाचर मोठे कॅटफिश आणि लहान शोभिवंत मासे यांचे सहजीवन बहुतेक वेळा असेच संपते. त्यामागचे विज्ञान काय, घरातली टाकी या माशांना का पुरत नाही आणि वाढलेला मासा नदीत सोडला तर काय होते, हे जाणून घेऊ या.

कॅटफिश म्हणजे नेमका कोणता मासा?

कॅटफिश ही एक जात नाही. सिल्युरिफॉर्मिस या गणातील तीन हजारांहून अधिक प्रजातींना मिळून कॅटफिश म्हणतात. तोंडाभोवती मांजरासारख्या मिशा आणि अंगावर खवले नसणे ही त्यांची ठळक ओळख. काहींच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या कठीण पट्ट्या असतात. आपल्याकडच्या नद्यांतला शिंगाळा आणि मांगूर हे याच कुळातले. दोन-तीन इंचांच्या पुढे न वाढणारा कोरीडोरास हा कॅटफिशच आणि माणसाच्या वजनाशी बरोबरी करणारा अ‍ॅमेझॉनमधला रेडटेल हाही कॅटफिशच. दुकानात दोन्ही शेजारच्या टाक्यांत असतात आणि त्या वयात त्यांचा आकार जवळपास सारखा असतो. गोंधळ इथूनच सुरू होतो.

आपल्याकडच्या शोभिवंत माशांच्या बाजारात मोठे होणारे तीन कॅटफिश सहज मिळतात. पहिला रेडटेल कॅटफिश. काळसर पाठ, बाजूने पांढरा पट्टा आणि लालसर शेपटी यामुळे तो लगेच नजरेत भरतो. दुसरा ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा चंदेरी मासा. त्याचा शार्कशी काही संबंध नाही. तो मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला पंगास आहे. आंध्र प्रदेशात त्याची मोठ्या प्रमाणावर शेती होते आणि हॉटेलात ‘बासा’ नावाने ताटात येणारा मासा बहुतेकदा हाच असतो. तिसरा काचेवरचे शेवाळ खाणारा सकर फिश, म्हणजे प्लेको. यातला पट्टीचा रात्रीचा शिकारी रेडटेल. पंगास कळपाने फिरणारा आहे आणि सकर फिश मुख्यतः शेवाळावर जगतो. लहान टाकीत न मावणे ही मात्र तिघांचीही अडचण आहे.

अंधारात त्यांना भक्ष्य कसे सापडते?

कॅटफिश डोळ्यांवर फारसा अवलंबून नसतो. त्याच्या मिशांवर आणि अंगाच्या त्वचेवरही स्वादकलिका असतात. म्हणजे तोंडात न घेताच समोर काय आहे याची चव त्याला कळते. गंधाची जाण तीव्र असते. त्वचेतील सूक्ष्म संवेदकांमुळे इतर जिवांच्या शरीरातून निर्माण होणारे अतिशय क्षीण विद्युत क्षेत्रही त्याला जाणवते. वाताशय आणि आतील कान यांना जोडणाऱ्या लहान हाडांच्या साखळीमुळे त्याला ऐकूही चांगले येते.

याहून रंजक आहे ती पाण्यातला माग काढण्याची त्याची क्षमता. युरोपातील वेल्स कॅटफिशवर झालेला एक प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण अंधारात कॅटफिश आणि गप्पी मासे एकत्र सोडून अवरक्त प्रकाशात त्यांचे चित्रीकरण करण्यात आले. गप्पी पोहून गेल्यावर पाण्यात मागे राहिलेली हालचाल आणि गंध यांच्या आधारे कॅटफिश त्याच वळणावळणाच्या वाटेने जाऊन त्याला गाठत असल्याचे दिसले. दहा सेकंदांपूर्वीचा मागही त्याला पुरत होता. घरातल्या टाकीत गप्पी कोणत्या कोपऱ्यात लपला आहे, हे शोधायला त्याला दिव्याची गरज नसते, ती यामुळेच.

दुसऱ्या बाजूला गप्पी, टेट्रा, मॉली, एंजल हे दिवसा वावरणारे मासे. दिवा बंद झाला की त्यांची हालचाल मंदावते. पापण्या नसल्याने ते झोपलेत हे आपल्याला कळत नाही, पण ते वनस्पतींच्या आडोशाला किंवा तळाजवळ जवळपास स्थिर तरंगत असतात. टाकीत एकाची रात्र ही दुसऱ्याची दुपार असते. दिवसभर सगळे गुण्यागोविंदाने राहताना दिसले, तरी त्यातून रात्रीचा अंदाज बांधता येत नाही.

पोटभर खाऊ घातले तर शिकार थांबते का?

हा सर्वांत मोठा गैरसमज. निसर्गात पुढचे खाणे कधी मिळेल याची खात्री नसते. त्यामुळे मोठे शिकारी कॅटफिश संधी मिळेल तेव्हा गिळतात. त्यांचे दात भक्ष्याचे तुकडे करण्यासाठी नसतात. ते तोंड एकदम उघडतात, तोंडात कमी दाबाची पोकळी तयार होते आणि समोरचा मासा पाण्यासकट आत ओढला जातो. हे सारे डोळ्याची पापणी लवण्याआधी उरकते. मागे ना खवला उरतो, ना काटा.

म्हणून स्वभाव शांत आहे की आक्रमक, हा प्रश्नच इथे फारसा उपयोगाचा नाही. रेडटेल इतर माशांशी भांडत नाही, त्यांचे पर कुरतडत नाही. त्याच्या तोंडात मावतो तो त्याच्यासाठी खाऊ आणि मावत नाही तो शेजारी, एवढाच हिशेब असतो. पिक्टस कॅटफिशसारखा जेमतेम चार-पाच इंचांचा मासाही रात्रीत निऑन टेट्रा संपवतो, तो याच नियमाने. आज न मावणारा मासा तीन महिन्यांनी मावू शकतो, कारण शिकाऱ्याचे तोंड रोज वाढत असते.

रेडटेल किती वाढतो?

दुकानात तो साधारण पाच ते आठ सेंटिमीटरचा मिळतो. चांगले खाणे मिळाले, तर पहिल्या वर्षातच फुटाच्या पुढे जातो. अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांत तो सव्वा मीटरहून अधिक लांब आणि ५० किलोहून अधिक वजनाचा झाल्याच्या नोंदी आहेत. पंगासही निसर्गात एक मीटरची लांबी ओलांडतो. सकर फिश ४० ते ५० सेंटिमीटरपर्यंत जातो.

लांबीपेक्षा वजनाचे गणित अधिक बोलके आहे. शरीराची ठेवण तीच राहिली, तर लांबी दुप्पट झाल्यावर वजन आठपट होते. पाच सेंटिमीटरचा मासा ६० सेंटिमीटरचा झाला, म्हणजे लांबी १२ पट वाढली. वजन मात्र सुमारे १,७२८ पट वाढते. मासा जेवढा जड, तेवढे त्याचे खाणे, विष्ठा आणि प्राणवायूची गरज मोठी. टाकी दुप्पट केली की प्रश्न सुटेल, असे वाटणारे इथेच चुकतात.

मासा टाकीच्या आकाराएवढाच वाढतो, हे खरे आहे का?

नाही. लहान टाकीतल्या माशाची वाढ खुंटते हे खरे, पण ती सुखाने थांबत नाही. कोंडलेल्या पाण्यात अमोनिया आणि नायट्रेट साचतात, हालचालीला जागा राहत नाही, ताण वाढतो आणि त्यातून वाढ मंदावते. पाठीचा कणा वाकणे, वारंवार आजारी पडणे, आयुष्य घटणे हे त्याचे परिणाम. नीट सांभाळलेला रेडटेल १५ वर्षे किंवा त्याहून अधिक जगू शकतो. दोन फुटी टाकीतला रेडटेल वर्षाच्या आत मेला, तर त्याचे खरे कारण बहुतेकदा त्या टाकीचा आकार असतो.

मग टाकी किती मोठी हवी?

घरोघरी दिसणारी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली, तरी साधारण ५४ लिटरची होते. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी सुमारे २४० लिटरची. एक मीटर लांबीच्या माशाला वळायलाच तेवढीच रुंदी लागते. थोडी मोकळीक धरून तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर खोल टाकी घेतली, तर पाणी होते ४,०५० लिटर. म्हणजे काच आणि स्टँड सोडूनच चार टन.

आता घराचा विचार करू. निवासी खोलीच्या जमिनीचा आराखडा भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला दोन किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो चल भार गृहीत धरून केला जातो. दहा बाय बाराची खोली सुमारे ११ चौरस मीटरची. तिच्यासाठी धरलेला एकूण भार साधारण २,२०० किलो. चार टनांची टाकी एकटीच त्याच्या जवळपास दुप्पट होते. फ्लॅटमध्ये हे करता येत नाही. तळमजल्यावर किंवा अंगणात बांधीव हौद असेल, तरच विचार करता येतो.

पाण्याचेही तसेच. आठवड्याला ३० टक्के पाणी बदलायचे, तर १,२०० लिटरहून अधिक पाणी लागेल. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटरचे प्रमाण धरले जाते. म्हणजे नऊ माणसांचे एका दिवसाचे पाणी. उन्हाळ्यात पाणीकपात सुरू असताना हे कुठून आणणार, हा प्रश्न मासा घेतानाच विचारायला हवा. शिवाय वीज गेली आणि फिल्टर, एअर पंप बंद पडले, तर मोठ्या माशांच्या टाकीतला प्राणवायू झपाट्याने घटतो.

धोका फक्त लहान माशांनाच असतो का?

शिकार करणाऱ्यालाही असतो. कोरीडोराससारख्या लहान कॅटफिशच्या पाठीवरच्या आणि छातीवरच्या परांत टणक काटे असतात. धोका जाणवला की तो हे काटे उभे करून जागच्या जागी अडकवतो. मोठ्या माशाने त्याला गिळले, तर तो घशात रुतून बसतो आणि दोघेही मरतात. हे काटे किती घातक असतात, याचा अनुभव नेदरलँड्समधील एका तरुणाने घेतला. २०१६ मध्ये पार्टीत मद्यपान केल्यावर त्याने टाकीतला जिवंत ब्राँझ कोरीडोरास गिळायचा प्रयत्न केला. मासा घशात अडकला आणि त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. तो मासा पुढे रॉटरडॅमच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात ठेवण्यात आला.

रेडटेलला समोर दिसेल ते गिळायची सवय असते. खडी, प्लास्टिकची शोभेची झाडे, हिटरचे सक्शन कप अशा वस्तू त्याच्या पोटात जातात आणि आतड्यात अडथळा होऊ शकतो. त्यामुळे त्याच्या टाकीत बारीक वाळू किंवा मोकळा तळ आणि न गिळता येणारे मोठे दगड एवढेच ठेवणे सुरक्षित मानले जाते.

उलट दिशेचा त्रासही होतो. पोट न भरलेला सकर फिश रात्री डिस्कस, गोल्डफिश यांसारख्या पसरट, संथ माशांच्या अंगाला चिकटून त्वचेवरचा चिकट थर खरवडतो. त्या जागी जखम होऊन बुरशी लागते. दुसरीकडे, दिवसा लपायला जागा नसलेला कॅटफिश सतत उजेडात राहून ताणाखाली जगतो. टाकीत रोग आला, की आणखी एक अडचण उभी राहते. खवले नसल्याने बरेच कॅटफिश तांबेयुक्त औषधे, फॉर्मेलिन आणि मॅलाकाइट ग्रीन यांना संवेदनशील असतात. टेट्रांना वाचवण्यासाठी घातलेला डोस त्यांच्या जिवावर बेतू शकतो.

मग कॅटफिश आणि लहान मासे एकत्र ठेवायचेच नाहीत का?

ठेवता येतात, फक्त कॅटफिश योग्य निवडावा लागतो. कोरीडोरास हे शांत, तळाशी राहणारे आणि सहा-आठच्या गटात रमणारे मासे. टेट्रा, रासबोरा, गप्पी यांच्यासोबत ते दोन ते तीन फुटी टाकीत चांगले राहतात. शेवाळासाठी सकर फिशऐवजी ब्रिसलनोज प्लेको घेता येतो. तो पाच इंचांच्या आसपास थांबतो. दोन्ही तळाशी खाणारे आहेत. म्हणून दिवा बंद केल्यावर त्यांच्यासाठी बुडणाऱ्या गोळ्या टाकाव्यात. नाहीतर दिवसा वरचे मासे सगळे फस्त करतात आणि खालचे उपाशी राहतात. ‘तळाची घाण खाऊन जगतात’ हा समज चुकीचा आहे. त्यांना स्वतंत्र खाणे लागते.

मध्यम आकाराचा निशाचर कॅटफिश हवाच असेल, तर सोबतचे मासे त्याच्या पूर्ण वाढलेल्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे हवेत. प्रत्येकाला लपायला वेगळी जागा हवी. रात्रीचे वर्तन पाहायचे असेल, तर अतिशय मंद दिवा लावून पाहता येते. सोबत आठवड्याला मोजदाद करावी. मासे कमी होत असतील, तर कारण शोधायला महिना लावू नये.

घरात आधीच मोठा झालेला कॅटफिश असेल तर?

लहान मासे त्याच दिवशी वेगळे करावेत. त्यांच्यासाठी साधी प्लास्टिकची टाकी आणि स्पंज फिल्टरही तात्पुरता पुरतो. कॅटफिशला जाळीत पकडू नये. त्याचे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना मासा व हात दोन्ही जखमी होतात. झाकणाचा डबा किंवा बादली पाण्यात बुडवून त्याला आत घ्यावे. त्यानंतर मोठी टाकी किंवा हौद असलेला अनुभवी मत्स्यपालक शोधावा, ज्या दुकानातून मासा घेतला तिथे तो परत घेतात का हे विचारावे. सार्वजनिक मत्स्यालय तो घेईलच, या भरवशावर राहू नये. नको झालेले महाकाय मासे घ्या, अशा विनंत्या जगभरच्या मत्स्यालयांकडे येत असतात. ब्रिटनमधील मत्स्यालयांनी तर अशा माशांच्या विक्रीविरोधात ‘बिग फिश कॅम्पेन’ ही मोहीमच चालवली होती.

नदीत किंवा तलावात सोडला तर काय बिघडते?

‘जीव वाचवला’ या समाधानात अनेक जण हेच करतात आणि सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. सकर फिश हे त्याचे डोळ्यांसमोरचे उदाहरण. मूळ दक्षिण अमेरिकेतला हा मासा २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत सापडल्यावर देशभर चर्चा झाली. महाराष्ट्रात उजनी जलाशयातील मच्छीमारही या माशाला वैतागले आहेत. त्याच्या कठीण कवचामुळे आणि काट्यांमुळे जाळी फाटतात, बाजारात त्याला भाव नाही आणि स्थानिक माशांच्या खाद्यात तो वाटेकरी होतो. काठावर बिळे करून तो अंडी घालतो. हवेतील प्राणवायू घेता येत असल्याने कमी पाण्यातही तग धरतो. एकदा पसरल्यावर त्याला हटवण्याचा सोपा उपाय नाही.

थाय मांगूर म्हणजे आफ्रिकन कॅटफिशचे प्रकरण तर त्याहून जुने. या मांसाहारी माशाच्या संवर्धनावर देशात २००० पासून बंदी आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्याच्या साठ्यांवर कारवाईचे आदेश दिले. इंदापूर, भिगवण परिसरात मत्स्यव्यवसाय विभागाने अशी तळी नष्ट करण्याच्या कारवाया केल्या. २०१८ च्या महापुरात केरळमधील नद्यांत अ‍ॅमेझॉनचा अरापायमा सापडला. पाळलेले परदेशी मासे पुरासोबत मोकळ्या पाण्यात गेले, की काय होते याचा तो इशारा होता.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. वन्यजीव (संरक्षण) सुधारणा कायदा, २०२२ नुसार आक्रमक परदेशी प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि प्रसार यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे.

विकत घेण्यापूर्वी काय विचारावे?

दुकानदाराला चार प्रश्न विचारले, तरी निम्मे अपघात टळतील. या माशाचे नेमके नाव काय? ‘शार्क’ किंवा ‘क्लीनर’ हे नाव नव्हे. पूर्ण वाढ झाल्यावर तो किती लांब होतो? तो दिवसा जागा असतो की रात्री? आणि मोठा झाल्यावर परत घ्याल का? उत्तर मिळाले नाही, तर नावावरून मोबाइलवर माहिती शोधायला दोन मिनिटे लागतात. टाकीची रुंदी माशाच्या पूर्ण वाढलेल्या लांबीहून कमी असेल, तर तो मासा त्या टाकीसाठी नाही, एवढा एक नियम लक्षात ठेवला तरी पुरे.

बोटभर रेडटेल दिसायला गोंडस असतो आणि लहान मुलांना तोच हवा असतो. त्याच्याऐवजी घरी आणलेले सहा कोरीडोरास दोन फुटी टाकीत पाच-सहा वर्षे सहज राहतात. मुलांना ते रोज संध्याकाळी वाळू चाळताना दिसतात आणि सकाळी दिवा लावल्यावर टेट्राही मोजून तेवढेच भरतात.